पेपरातला पाणकर

गोंदिया,
शनिवार, दुपार

प्रिय आबाजी,

आज पेपर तपासताना तुम्ही सापडलात.

खरंच सांगते. तिसऱ्या वर्षाच्या पोरांची चाचणी झाली होती आणि छत्तीस पेपरांचा गठ्ठा घेऊन मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसले होते. हातात लाल पेन, समोर चहा, चहावर साय. एकविसावा पेपर उघडला तर आकृतीच्या मधल्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पाणकर. मी पेन खाली ठेवला आणि एकटीच हसायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, "क्या हुआ मॅडम, किसी ने जोक लिखा है क्या?" मी म्हटलं, "नहीं सर, मेरे दादाजी को लिखा है." ते पुन्हा आपल्या गठ्ठ्यात डोकं घालून बसले. मला अर्धवट समजायला त्यांना आणखी एक कारण मिळालं.

म्हणून हे पत्र. तुम्ही जाऊन चार वर्षं झाली. जिवंतपणी मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता बघा, वहीची पानं फाडून बसले आहे. तुम्ही अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. एक गोष्ट तुम्हाला मी खोटी सांगितली होती. ती आज खरी झाली. पण ती सांगायची तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तुम्हाला सगळं माहीत असलं तरी ऐकून घ्यावं लागेल. तुम्ही नाही का तीच तलाव फुटायची गोष्ट दरवर्षी नव्यानं सांगायचात?

बारावीला बरे मार्क पडले आणि इंजिनीअरिंगला माझा नंबर लागला. शाखा मिळाली इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. एवढं लांब नाव घरात कोणाला म्हणता येईना, म्हणून गावानं सोपं करून टाकलं. पाणकराची नात टेलिफोनचं शिकायला गोंदियाला गेली. झालं! पहिल्या दिवाळीला मी घरी आले तर ओसरीवर दोन रेडिओ, एक टेप आणि डोमाजीकाकाचा नवा मोबाईल माझी वाट पाहत होते.

डोमाजीकाका म्हणजे तलावातून निघणाऱ्या नहरेवरच्या अगदी शेवटच्या बांधीचे, म्हणजे धानाच्या शेताचे, मालक. जन्मभर त्यांची एकच तक्रार, माझ्या बांधीत पाणी कमी येते. त्या दिवशी मात्र तक्रार वेगळी होती. "बाई, याच्यातून आवाज नाही येऊन राहिला. पाह्य बरं." मी मोठ्या ऐटीत मोबाईल उघडला. उघडला, आणि मग तो बंद काही होईना. तीन स्क्रू उरले. तुम्ही ते तिन्ही स्क्रू मुठीत घेतलेत आणि काकांना म्हणालात, "हे जास्तीचे होते, म्हणूनच आवाज अडकून राहिला होता." काका मान हलवत निघून गेले. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुमच्या कॉलेजात हे नाही शिकवत?"

"नाही आबाजी, तिथं गणितं असतात."

"मंग फोन दुरुस्त कोण करते?"

"दुकानदार."

"मंग तू काय करशील?"

पण मला ते शिक्षण आवडायचं, आबाजी, मनापासून आवडायचं. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत आम्ही एक सर्किट जोडलं होतं. एका खोलीत मी बोलायचं आणि दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवर नेहानं ऐकायचं. नेहा म्हणजे माझी कुडव्याच्या भाड्याच्या खोलीतली जोडीदारीण, गोंदियाचीच असून घरी भावांच्या गोंगाटाला कंटाळून माझ्यासोबत राहायला आलेली. मी बटण दाबलं, आणि काय बोलावं सुचेना. तोंडातून निघालं, "हॅलो आबाजी." पलीकडून नेहा किंचाळली, "आया रे आया, आवाज आया! पर ये आबाजी कौन है?" स्वतःच्या हातानं डाग दिलेल्या तारांमधून माझा आवाज भिंतीपलीकडे गेला होता. त्या दिवशी मी ठरवलं की आपण आयुष्यात हेच करायचं.

आणि मग त्या विषयात नापास झाले. डिजिटल कम्युनिकेशन. पहिल्यांदा झाले तेव्हा म्हटलं, होते असं, अर्धा वर्ग उडाला होता. दुसऱ्यांदा झाले तेव्हा तो अर्धा वर्ग पास झाला होता आणि मी तेवढी उरले होते.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आमगावच्या राईस मिलमध्ये चार जणांना विचारलं आणि शांतपणे निर्णय सांगितला. "अजून एक डाव बस. नाही निघाला पेपर तं डी.एड.चा फॉर्म भरजो. दोन वर्षात मास्तरीण होशील. हे टेलिफोनचं शिक्षण आपल्या घराले झेपत नाही." त्या दिवसांत आपल्याकडे घरटी एक पोरगी डी.एड.ला होती, बाबांचं काही चुकलं नव्हतं. पण मला त्या भिंतीपलीकडे गेलेल्या आवाजाची आठवण यायची. एक पेपर, एक संधी. नाहीतर सगळं सोडून घरी.

तो सप्टेंबर तुम्हाला आठवतच असेल. पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला होता, धान पोटरीवर आलेलं, आणि गाव तुमच्या तोंडाकडे पाहत होतं. तुम्ही तुडूम उघडलंत. वर्गातल्या शहरी पोरांना मी तुडूम हा शब्द असा समजावते की तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, ठेवलेलं पाणी सोडायचं तोंड, आणि त्याची चावी ज्याच्याकडे तो पाणकर. खालून एकच नहर निघते आणि तिच्यावर सव्वीस घरांच्या बांध्या. एकाच नहरेतलं पाणी सव्वीस जणांना पाळीनं वाटायचं, कोणाचं कोणाला जाऊ द्यायचं नाही, आणि भांडणं होऊ द्यायची नाहीत, हे तुमचं काम. चाळीस वर्षं तुम्ही ते केलंत.

मी पाळीवर मोहाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसले होते. गावात मोबाईलची रेंज फक्त तिथंच यायची, आणि रडायलाही तीच जागा बरी होती. तुम्ही खांद्यावर फावडं घेऊन आलात.

"काऊन रडून राहिली?"

"समजत नाही आबाजी. एकच तार असते. तिच्यातून तीस जण बोलतात. अन् कोणाचं बोलणं कोणात मिसळत नाही. हे कसं होते तेच मले समजून नाही राहिलं."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी जन्मल्यापासून तुमची एवढी निराशा कधी केली नसावी.

"मंग मी इथं काय करून राहिलो चाळीस वर्षांपासून?"

आबाजी, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी डोळे पुसले. तुम्ही मला हाताला धरून उठवलंत, पुस्तक मोहाच्या फांदीत अडकवलंत आणि म्हणालात, "चाल."

नऊ दिवस मी तुमच्या मागे चालले. घोट्यापर्यंत चिखल, हातात विळा, डोक्यावर आजीचा जुना शेला. पहिल्या दिवशी फक्त पाहिलं. तुम्ही तुडूम उघडायचात, मग पाळीवर उभं राहून एक लांब आरोळी ठोकायचात, "होऽऽऽ". फेरी सुरू झाली हे त्या आरोळीनं शेवटच्या बांधीपर्यंत समजायचं, आणि जो तो तिथून आपली पाळी मोजायचा. तुमचं घड्याळ रुमालात बांधून खिशात असायचं, कारण हात सतत चिखलात. वेळ झाली की एका बांधीचं तोंड गवताच्या पेंढीनं आणि चिखलानं बुजवायचं, जरा थांबायचं आणि दुसऱ्या बांधीचं उघडायचं.

"जरा थांबता कायले?" मी विचारलं.

"मागचं पाणी निथरू दे ना. नाहीतर त्याचं पाणी याच्यात जाते, अन् मंग दोघंही माझ्या घरी येतेत."

मी तिथंच चिखलात उभी राहिले. पुस्तकात हेच होतं. शब्दन्शब्द हेच होतं. एका तारेवर प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून द्यायचा. दोघांच्या वेळेत जरा मोकळी जागा ठेवायची, म्हणजे एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक खूण पाठवायची, म्हणजे पलीकडच्या टोकाला समजतं की आता पहिल्यापासून मोजा. फक्त तिथं सेकंदाला हजारो फेऱ्या होतात आणि तुमची एक फेरी नऊ दिवसांची. मी तुम्हाला हे सांगितलं. तुम्हाला आनंद होईल वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "सेकंदाले हजार? त्याले का घाई पडली?"

रोज संध्याकाळी तुम्ही माझी परीक्षा घ्यायचात. आरोळी दिली नाही तर काय होईल? डोमाजी झोपून राहिला आणि पाळी निघून गेली तर काय करायचं? दोन बांध्यांची तोंडं एकदम उघडी राहिली तर? मी इंजिनीअरिंगच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि तुम्ही "नाही समजलं, पुन्हा सांग" म्हणायचात. चार वेळा सांगून तुम्हाला समजलं की मलाही समजलेलं असायचं. तुम्हाला पहिल्याच सांगण्यात समजत होतं, हे मला मास्तरीण झाल्यावर लक्षात आलं. लबाड होतात.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा पटली नव्हती. आपली बांधी तुडुमाला अगदी लागून, आणि पाणी सगळ्यात शेवटी आपल्याला. सुरुवात नेहमी शेवटच्या टोकापासून, म्हणजे डोमाजीकाकापासून. आजी चिडायची, "आपलं धान पिवळं पडून राहिलं अन् हे गावाले पाजून राहिले." तुम्ही आजीला कधी उत्तर दिलं नाहीत. मला मात्र नहरेच्या कडेनं चालता चालता सांगितलंत, "जवळच्याले पाणी द्याले पाणकर कायले लागते बाई? ते आपलं आपण जाते."

पेपराचा दिवस आला. प्रश्न तोच. आकृतीसह सविस्तर लिहा. मी असं लिहिलं, आबाजी, की पेन थांबेना. अडीच पानं. आकृती काढली, सव्वीस रेषा काढल्या, मधे फिरता चौकोन काढला. वेळ संपली, पेपर दिला, बाहेर व्हरांड्यात आले आणि नेहाला उत्तर सांगायला लागले. सांगता सांगता माझी जीभ अडकली. त्या मधल्या चौकोनात पुस्तकातलं नाव लिहायच्या ऐवजी मी पाणकर लिहिलं होतं. एकदा नाही, पाच ठिकाणी. इंग्रजीत छानपैकी वाक्य लिहिलं होतं की प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पाणकर आरोळी देतो.

नेहा माझ्याकडे बघतच राहिली. "पागल है क्या? ये पाणकर कौन है, तेरा बॉयफ्रेंड?" आणि मग दोघीही तिथं बसून रडेपर्यंत हसलो. ती हसून रडत होती. मी नुसतीच रडत होते.

घरी आले आणि तुम्हाला सगळं सांगितलं. आता पेपर निघत नाही, म्हटलं, जूनमध्ये डी.एड. तुम्ही फावड्याचा दांडा घासत होतात, ते थांबवलंत.

"माझं नाव लिहिलं?"

"नाव नाही आबाजी. काम लिहिलं."

"तेच तं."

एवढा आनंद तुम्हाला माझ्या बारावीच्या निकालाचाही झाला नव्हता. त्याच संध्याकाळी तुम्ही अंगरखा घालून निघालात आणि सव्वीसही घरी सांगून आलात की पाणकराचं काम विद्यापीठाच्या पेपरात गेलं. मला घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. विहिरीवर बाया विचारायच्या, "मंग, लिहिलं का आमचंही नाव?" मी पास की नापास, याची कोणाला पडलीच नव्हती. मी आणि बाबा, आम्ही दोघंच काळजीत. बाबांनी तर डी.एड.चे जुने फॉर्म कोणाकडून तरी आणून कपाटावर ठेवले होते.

निकालाचा दिवस. फेब्रुवारी होता. तलाव अर्ध्यावर आलेला, नहर कोरडी ठक्क. नेहा गोंदियाच्या सायबर कॅफेत बसली होती आणि मी बाबांचा मोबाईल घेऊन मोहाखाली. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसला होतात. फोन वाजला. नेहा ओरडली, "निकल गई रे वैशू, निकल गई! चालीस के ऊपर निकल गई!" मी फोन तुमच्या कानाला लावला. तुम्हाला तिचं हिंदी किती समजलं देव जाणे, पण तुम्ही उठलात, पाळीवर उभे राहिलात, छाती भरून घेतलीत आणि ठोकलीत, "होऽऽऽ".

मला हसू आवरेना. दहा मिनिटांत नहरेच्या कडेनं माणसं पळत येताना दिसली. कोणाच्या खांद्यावर फावडं, कोणाच्या हातात टोपलं. पाणी सुटलं म्हणून सगळे आपापल्या बांधीचं तोंड उघडायला निघाले होते. शेवटच्या टोकाहून डोमाजीकाका सगळ्यांच्या पुढं. ते धापा टाकत पाळीवर चढले.

"पाणी कोठी आहे?"

"पाणी नाही," तुम्ही म्हणालात. "पोरगी पास झाली."

"त्याच्यासाठी आरोळी देतेत का? मी जेवता जेवता उठलो ना."

मग सगळे तिथंच बसले. कोणीतरी चहा आणायला पोराला पिटाळलं. बाबाही आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी जाऊन त्यांनी ते फॉर्म चुलीत घातले, असं आई सांगते. आणि तेव्हा डोमाजीकाकांनी तो प्रश्न विचारला. सगळ्यांच्या समोर, चहाचा पेला हातात धरून.

"मंग त्या मास्तरनं पाणकराच्या नावावर काय केलं? टिक केली का काट मारली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पाहिलंत. तुमचा चेहरा मला आजही दिसतो, आबाजी. शाळेत पाटी दाखवायला उभ्या राहिलेल्या लेकराचा चेहरा होता तो. आता मला काय माहीत काय केलं होतं? निकाल फक्त आकडा दाखवतो. पेपर कोणी तपासला, त्यानं ते नाव वाचून कपाळावर हात मारला की हसला, मला काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "टिक केली. लाल पेनानं."

झालं. तुम्ही पुढची कितीतरी वर्षं ते गावभर सांगत राहिलात. पाहुणे आले की सांगायचात, बाजारात सांगायचात, तिरोड्याला लग्नाला गेलो तर मांडवात सांगितलंत. दर वेळी मी मान खाली घालून ऐकायचे. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता यायची, अर्ज केला की मिळायची. मी दोनदा अर्ज लिहिला आणि दोनदा फाडला. उघडून पाहिलं असतं आणि त्या नावावर लाल काट असती तर? मग तुम्हाला जाणूनबुजून खोटं सांगावं लागलं असतं, किंवा खरं. दोन्ही मला जमलं नसतं. पुढं ते पेपर रद्दीत गेले आणि प्रश्न मिटला. माझ्या मनातून नाही मिटला.

मी पदवी घेतली तेव्हा तुम्ही समारंभाला आला नाहीत. नागपूरला सगळ्यांचे आजी-आजोबा फोटो काढत होते आणि माझे आबाजी कुठं, तर खालच्या बांध्यांची पाळी होती. फोनवर म्हणालात, "तुझं कागद कोठी पळून नाही चाललं. डोमाजीचं धान चाललं." मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तो काळा झगा आणि टोपी भाड्यानं पुन्हा आणून, घालून पाळीवर आले. तुम्ही माझ्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "याच्यात घाम येत नाही का?" ती माझी रुसायची शेवटची वेळ.

नागपूरला दोन वर्षं मी मोबाईलच्या टॉवरची कामं पाहिली. आणि बघा, आपल्या गावाजवळही टॉवर उभा राहिला, सगळ्या घरांत रेंज आली, आणि मोहाखाली येणं लोकांनी सोडलं. तुम्ही मात्र फोन आला की तो हातात घेऊन पाळीवर जायचात आणि मगच "हां, बोल" म्हणायचात. मी कितीदा सांगितलं, घरातूनही ऐकू येते. "तिथं बरं ऐकू येते," म्हणायचात.

शेवटचं भेटलो त्या दिवाळीला धान कापून झालं होतं. पाणी सोडायचं काही उरलं नव्हतं. तुम्ही खाटेवर पडला होतात आणि मी पायांना तेल लावत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "त्या मास्तरनं टिक कोठी केली होती? नावाच्या वरत का खाली?"

मी म्हटलं, "खाली."

तुम्ही हसलात. काऊन हसलात, आबाजी? तुम्हाला समजलं होतं का? मी कितीदा विचार केला त्या हसण्याचा. महिनाभरात तुम्ही गेलात, झोपेत, कोणालाही हाक न मारता. चाळीस वर्षं आरोळी ठोकणारा माणूस असा गुपचूप जातो का?

आता बाबांचंही एक म्हणणं खरं झालं. मी शेवटी मास्तरीणच झाले. त्याच शाखेची, त्याच विषयाची. गोंदियात राहते, स्कूटीनं कॉलेजला जाते आणि दरवर्षी त्या धड्याला आले की फळ्यावर तलाव काढते. तुडूम, नहर, बांध्या, आणि फावडं घेतलेला एक माणूस. माझी चित्रकला तुम्हाला ठाऊक आहे, पोरं म्हणतात, "मॅडम, ये आदमी है की बैल?" पण समजते त्यांना. सगळ्यांना समजते, अगदी मागच्या बाकापर्यंत. मी सुरुवातच मागच्या बाकापासून करते.

फक्त धडा संपला की मी बजावते, हे समजण्यापुरतं आहे. पेपरात असलं काही लिहायचं नाही. पुस्तकातलं नाव लिहायचं. दरवर्षी बजावते. कोण बजावते, तर मी.

तर आजच्या एकविसाव्या पेपरातली पोरगी तिरोड्याकडची आहे. तिच्या घरी धानाचीच शेती आहे. मागच्या दोन चाचण्यांत नापास झालेली, वर्गात तोंड न उघडणारी. आणि हिनं अडीच पानं लिहिली आहेत, आबाजी. भरभरून. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहे की आमच्याकडेही असा माणूस आहे, पण आमचा लहान बांध्यांना आधी पाणी देतो. हे पुस्तकात कुठं नाही. ही ते स्वतः विचार करून लिहिते आहे.

मी लाल पेन उचलला. नियमाप्रमाणे काट मारायला हवी होती. सगळ्या वर्गाला सांगितलेलं मोडलं होतं तिनं. पेन त्या नावापर्यंत नेला आणि माझ्या डोळ्यांसमोर पाळीवरची ती सगळी माणसं आली, हातात चहाचे पेले धरून माझ्याकडे पाहणारी. तेव्हा जो कोणी मास्तर माझा पेपर घेऊन बसला असेल, त्यानं काय केलं ते मला कधीच समजणार नाही. पण आज त्याच्या जागेवर मी बसले होते. पेपर माझ्या पुढ्यात, नाव माझ्या पेनाखाली.

मी टिक केली. चांगली मोठी.

आणि ऐका, अर्धा मार्क कापलासुद्धा. तिनं पाणकर काढला, बांध्या काढल्या, पण आरोळी द्यायला विसरली. आरोळी नाही तर पलीकडच्याला समजणार कसं, पाळी कोणाची? तुम्ही असता तर पूर्ण एक कापला असता. आठपैकी साडेसात देऊन मी बाजूला लिहिलं, पाणकर आरोळी कधी देतो? सोमवारी तिला बोलावून तेवढं विचारणार आहे. मला वाटते तिला ते ठाऊक आहे.

आता माझा शब्द. येत्या सप्टेंबरला पाऊस दडी मारेल तेव्हा छत्तीसही पोरांना बसमध्ये घालून आपल्या गावी आणणार आहे. तुडुमाची चावी आता डोमाजीकाकांच्या मुलाकडे आहे, आणि काकांची तक्रार अजून तीच आहे, फक्त आता ती घरातल्या घरात होते. पोरांना नहरेच्या कडेनं तुडुमापासून शेवटच्या बांधीपर्यंत चालवीन, चिखलातून, बूट काढून. पहिल्या फेरीची आरोळी मी देईन. माझा आवाज तुमच्यासारखा पोचणार नाही, पण डोमाजीकाका फावडं घेऊन बाहेर आले म्हणजे झालं. मग त्यांना चहा पाजून सगळ्यांसमोर सांगून टाकीन की त्या दिवशी मी थाप मारली होती. ते ओरडतील. ओरडू दे. या पोरीचा पेपर पर्समध्ये असेलच, दाखवीन त्यांना.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं ना?

खाली केली, आबाजी. नावाच्या खाली.

तुमची,
वैशू
पाणकराची नात